तिसऱ्या मशीनचा खाडा

माझ्या धाकट्या भावजींइतका मोठ्याने बोलणारा आणि हाताने इतका हळुवार माणूस काळाचौकीपासून भायखळ्यापर्यंत दुसरा झाला नाही, हे मी कुणाशीही पैजेवर बोलायला तयार आहे. भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, आमच्यापासून चार दारं सोडून त्यांची खोली. सतरा वर्षं त्यांनी गिरणीत साच्यांवर काढली. मागाला गिरणीत साचा म्हणतात, आणि शेकड्यांनी साचे एका छपराखाली खडखडायला लागले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. विणकर एकमेकांचे ओठ बघून बोलतात. भावजींचे कान तिथेच राहिले. घरात त्यांनी 'मीठ द्या' म्हटलं की खालच्या वाण्याने पुडी बांधायला घ्यावी, असा आवाज! आणि ऐकायचं ते डोळ्यांनी. मी चाळीत सगळ्यांत जास्त बोलणारी, ते सगळ्यांत कमी ऐकणारे, म्हणून आमचं दीर-भावजयीचं कधी वाजलं नाही.

संप झाला, लांबला, तो कुणी मिटवलाच नाही. भावजींनी मग भाजी विकली, दिवाळीत उटणं विकलं, आणि शेवटी फोर्टातल्या एका कचेरीत शिपाई म्हणून लागले. काही वर्षांनी तिथे नवे कॉम्प्युटर आले आणि जुने जिन्याखाली जाऊन पडले. भावजींनी साहेबाला विचारून त्यातले तीन घरी आणले, एकेक करून, टॅक्सीत मांडीवर घेऊन, बाळंतिणीच्या पोराला आणावं तसे. जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "लोकांचे नवरे एक सवत आणतात, ह्यांनी तीन आणल्या. त्याही म्हाताऱ्या!" मी म्हटलं, "भावजी, एक पुरला नसता?" तर म्हणाले, "वयनी, एका साच्यावर विणकराचा मन लागता काय?"

दोन मशीनं त्यांच्या खोलीत आणि तिसरं माझ्याकडे, सोबत तो करवतीसारखा आवाज करणारा छपाईचा प्रिंटर. जाऊबाईने त्याला घरात घ्यायचं साफ नाकारलं होतं. वायर गॅलरीच्या भिंतीवरून, चार दारांच्या चौकटींवरून नेलेली. सगळ्या वायरी त्यांच्या खोलीतल्या एका दिव्यांच्या डबीत येऊन मिळायच्या. ज्याची वायर नीट, त्याचा दिवा हिरवा. त्या डबीचं नाव त्यांनी ठेवलं जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, कारण कामावर कोण आलंय आणि कोण नाही ते तिलाच ठाऊक. एखादं मशीन सुरू झालं नाही की 'आज दोन नंबरचा खाडा'. जादा वायर खिळ्याला टांगलेली असायची, ती 'बदली', गिरणीत गैरहजर कामगाराच्या जागी घेतात तसली. इंग्रजी सातवीपुरतं, बाकी सगळं उघडून, पुसून, परत लावून शिकले. बिघाड झाला की वायर दोन बोटांत धरून, डोळे मिटून, गॅलरीभर चालायचे. धागा कुठे तुटलाय ते बोटाला आधी कळतं म्हणे. खालची मासेवाली टोपली उतरवताना विचारायची, "काय रं दादूस, जालं इनतंस का?" हसा खुशाल, पण शेजारणीच्या तोरणाचा खिळा वायरीत घुसला होता, तो त्यांनी असाच डोळे मिटून पकडून दिला.

आणि दसरा! गिरणीत दसऱ्याला साचे धुऊनपुसून झेंडूने सजवायचे, ती रीत भावजींनी सोडली नाही. सगळ्या वायरी काढायच्या, मशीनं पुसायची आणि ओळीने मांडायची, तीही आमच्याकडे पाठ करून. त्यांचं म्हणणं, जिथून सूत आत जातं ते यंत्राचं खरं तोंड. हळद-कुंकू, नारळ, पेढे. घरात मोठी मी, म्हणून अक्षता मी टाकायच्या. मीही हात आखडता घेत नसे. लग्नात टाकाव्या तशा मूठमूठ टाकायची.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय त्या वर्षी पुतण्याचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचं. खोली दहा बाय बाराची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नेमकं माझ्याकडचं मशीन उठेना, म्हणजे तसं चालू व्हायचं, पण भावजींच्या खोलीतून त्याला काही पाठवलं तर पोचायचंच नाही. जॉबरवरचा तिसरा दिवा काळा. पुतण्या कचेरीत कॉम्प्युटरवरच काम करणारा. तो म्हणाला, "बाबा, आतलं कार्ड उडालंय. बास झालं आता. नवी सून येणार, तिने काय ह्या डब्यांवर झोपायचं? रविवारी दुपारी भंगारवाला येतोय. तोवर तिन्ही चालली तर मी परत शब्द काढणार नाही." पोराचंही चुकत नव्हतं हो. भावजींनी त्याचे ओठ नीट वाचले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "बरा," म्हणाले, इतकंच.

रविवारी सकाळी भावजी गंजीफ्रॉकवर माझ्याकडे हजर. आधी दोन बोटांत वायर धरून गॅलरीच्या दोन फेऱ्या. काही नाही. मग बदली वायर लावली. तिसरा दिवा काळाच. डबीतलं भोक बदललं, तरी काळा. म्हणजे वायर निर्दोष, जॉबर निर्दोष, राहिलं माझ्याकडचं मशीन. दाराशी उभा राहून पुतण्या म्हणाला, "सांगितलं ना, कार्ड उडालं." भावजी गरजले, "कार्ड उडला म्हणान तुका कोणी सांगल्यान? मशीन बोल्ला तुका?" दुपार झाली आणि खालून भंगारवाल्याची आरोळी आली. ती भावजींना ऐकू आली नाही, पण आमच्या सगळ्यांच्या माना तिकडे वळलेल्या त्यांनी पाहिल्या. मेजाखाली डोकं घालून ते वायर काढत होते, लावत होते, काढत होते, लावत होते.

मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कान माझे शाबूत. भावजींच्या खोलीत वायर लावताना दर वेळी 'टक्' वाजायचं, ते मी कितीदा तरी ऐकलेलं. इथे टक् वाजतच नव्हतं! मी मेजाखाली वाकले, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि तोंड त्यांच्यासमोर नेऊन म्हटलं, "भावजी, वायर आत बसतच नाही. टक् होत नाही."

"टक्? तो कसला?" म्हणाले. बिचाऱ्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. पण पुतण्या चमकला. बॅटरी घेऊन खाली वाकला, मशीनच्या पाठीतल्या त्या चौकोनी भोकात डोळा लावला आणि हसायलाच लागला. "बाबा, तांदूळ आहे आत. कुंकू लागलेला."

मी शरमेने पदर तोंडाला लावला. भावजी मात्र ताडकन उठून घरी गेले आणि एक चपटा पितळी हूक घेऊन आले. साच्याच्या फणीच्या दातांतून धागा ओढायला विणकर वापरतात तो. मशीन बंद केलं, श्वास धरला, आणि आतल्या केसासारख्या तारांना धक्का न लावता एक दाणा बाहेर काढला. मागून दुसरा निघाला. वायर लावली. टक्! "वाजला," मी ओठांनी सांगितलं. चार दारांपलीकडून जाऊबाई ओरडली, "पेटला गो बाई, तिसरा पेटला!"

पुतण्या धावत त्यांच्या खोलीत गेला आणि लग्नाच्या निमंत्रितांची यादी पाठवली. इकडे प्रिंटर असा काही खडखडला की भावजींनी त्याच्यावर तळवा टेकला आणि डोळे मिटले. लांबच लांब कागद उंबरठा ओलांडून गॅलरीत गेला. बायका त्यावर तुटून पडल्या, "माझं नाव आलं का बघ गो!" एकीचं नाव सुटलेलं निघालं, तिने तिथेच भांडण काढलं आणि ते पहिल्या मशीनवर घालून परत छापावं लागलं. तेही दोन मिनिटांत! मासेवाली खालून म्हणाली, "दादूस, जालं गावलं म्हनायचं." भंगारवाला पेढा खाऊन परत गेला. आणि पुतण्याने शब्द पाळला; त्याच संध्याकाळी माळ्याखाली स्वतः फळी ठोकली, मशीनं वर गेली, खाली नव्या नवरीला जागा झाली.

मशीनं पुढे कितीतरी वर्षं चालली. सून त्यांच्यावरच टायपिंग शिकली. मग एकेक थकत गेलं. सुटे भाग मिळेनासे झाले. गेल्या साली शेवटचं उरलं, तेही धापा टाकत चालणारं, आणि एका सकाळी भावजींनी स्वतःच भंगारवाल्याला हाक मारली. घरातल्या कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. हातगाडी चाळीच्या दारात थांबवून त्यांनी बंद पडलेली दोन आणि हे, अशी तिन्ही मशीनं ओल्या फडक्याने पुसली, शेवटचं होतं त्याचं बटण दाबलं, पंखा थांबेपर्यंत हात वर ठेवला, आणि एकेक करून खाली पोचवून आले. कुणाला हात लावू दिला नाही.

मी समोर जाऊन विचारलं, "वाईट वाटलं ना, भावजी?"

त्यांनी ओलं फडकं गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकलं. मग म्हणाले, "साचे लिलावात गेले, तेव्हा माका गेटाच्या आत सोडल्यानी नाय, वयनी. दुसऱ्यांनी बंद केल्यानी. ही मी बंद केलंय." आणि मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "वायच च्या टाका!"

मी आत जाऊन आधण ठेवलं. साखर टाकताना हात आखडता घेतला नाही.