कावळ्यामागं धरणापर्यंत

लोक काशीला जातात, मी रोज कावळ्यामागं गेलो. कोरोनाचं साल, सगळं बंद. आमची मंडळी त्यातच गेली. पुण्याची लेक रंजना रस्ते बंद म्हणून येऊ शकली नाही. दहाव्याला पिंडाला कावळाही शिवला नाही, शेवटी दर्भाचा करून उरकलं. रंजनानं मनाला लावून घेतलं. "आई माझ्यासाठी अडलीय. अण्णा, रोज तिच्या नावानं घास ठेवा. कावळ्यानं खाल्ला की फोटो पाठवा."

मोबाईल लेकीचाच जुना. माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यात फोटो काढणं नव्हतं. सकाळी शेजारणीनं दिलेली भाकरी फडक्यात बांधून निघायचो. आमची चूल मंडळीबरोबरच विझली होती. फोटो निघाले ते असे: माझा अंगठा, माझी चप्पल, कांद्याचं वावर (शेत) तिरपं.

वेशीत पोलिसानं काठी आडवी धरली.

"कुठं निघालात, आजोबा?"

"कावळ्याचा फोटो काढायला."

"मग मास्क वर घ्या. कावळा वळखील."

येडा समजून सोडलं. फार चुकला नाही.

एसटीच्या थांब्यात माणूस नाही, शेळ्या बसलेल्या. त्यांचा फोटो बरा आला. न सांगता गप बसल्या.

पुढं येडगाव धरणाचा फुगवटा (मागं साठलेलं पाणी). तिथं दगडावर भाकरी ठेवून मोबाईल डोळ्याला लावायचो. कावळे बाभळीवरून नुसते बघायचे. असे लई दिवस गेले. एकदा जाळं धुणारा मासेवाला ओरडला, "ओ बाबा, गलोल ताणल्यावानी धरताय! कावळ्याला काय जीव जड झालाय?"

खरंच, एक डोळा मिटून, कोपर मागं ओढून उभा होतो. जन्म पिकाच्या राखणीत गेला, हाताला दुसरं येतंय कुठं? दहाव्यालाही कावळा मलाच बघून पळाला असंल.

मोबाईल छातीशी धरून पाठ फिरवली. मागं फडफड झाली. गर्रकन वळून बटण दाबलं.

"नेली, बाबा, भाकरी नेली!" मासेवाला नाचत होता.

फोटोत बघतो तर माझंच तोंड, आ वासलेलं. कॅमेरा उलटा झालेला. तोच पाठवला. रंजनाचा लगेच फोन.

"अगं, शिवला कावळा. मासेवाला साक्षीला हाय. फोटोत मीच आलो, काय करू?"

ती म्हणाली, "अण्णा, तुमचे गाल कुठं गेले? आई जेवली. तुम्ही जेवलात का?"

माझ्या वाट्याची भाकरी तर रोज दगडावरच जायची. तसाच माघारी आलो. रोज धरण गाठणाऱ्या माणसाला स्वतःची चूल गाठायला एवढे दिवस लागले. काटक्या पेटवल्या, दोन भाकरी थापल्या, माझ्या फोटोंसारख्याच तिरप्या. लेकीला फोटो धाडला. त्यातही अंगठा आलाच, पण पिठानं माखलेला.