पायाची सुतळी

ओल्या सुतळीचा वास आला की अजूनही मला ती दुपार आठवते. सांगलीकडच्या एका दवाखान्यात मी नर्स म्हणून नुकतीच लागले होते. भर दुपारी साप चावलेल्या एका बाईला उसाच्या फडातून उचलून आणलं. विष चढू नये म्हणून घरच्यांनी पोटरीला ओली सुतळी करकचून आवळली होती. पाय काळानिळा पडलेला. सलाईनमधून औषध सुरू झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आता सुतळी हळूहळू सैल करा." तेवढ्यात तिच्या नवऱ्याने हातातला कोयता दारावर आपटला. "सोडू नगा! इख काळजात चढंल. ती गेली तर तुमाला बी सोडत न्हाई!" माझी बोटं गाठीवरच थिजली. नोकरी नको, काही नको, पळून जावं असं वाटलं. तेव्हा वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सोड पोरी. मी हाय हितं." मी एकेक पीळ सोडवत गेले. बाई श्वास घेत राहिली. गाठ पुरती सुटल्यावर लक्षात आलं, पाठीवरचा तो हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता, पण हलला नव्हता. आता नव्या पोरींच्या पाठीवर मी हात ठेवते. तो अजून थरथरतोच.