मकामेची कौलं

माझ्या धाकट्या भावाचा, मकामेचा हात वाखावर बसलेला होता. बाराव्या वर्षापासून पंगानीच्या घायपाताच्या मळ्यात राबला. पानं कापायची, त्यातला धागा म्हणजे वाख काढायचा, धुवून वाळत घालायचा. काट्यांनी हातांची चाळण झालेली. नुसता वाख चिमटीत धरून तो सांगायचा, नदीत धुतलाय की डबक्यात. अशा माणसाला वाखाच्याच बाबतीत फसवायचं म्हणजे घरचाच माणूस हवा. तो माझा नवरा निघाला.

हेमेदी चार बुकं शिकलेला, इंग्रजी वाचणारा. मळा बंद पडला तेव्हा शहरातल्या इंजिनियरांनी गावात कौलांची शेड काढली आणि ह्याला मुकादम केलं. वाख बोटभर कापायचा, सिमेंट-वाळूत कालवायचा, साच्यावर कौल घालायचं, ओल्या पोत्याखाली ठेवायचं. मकामेने हे काम आठ दिवसांत असं उचललं की शिकवणारेच बघत राहिले. नुसत्या सिमेंटच्या कौलाचे पाय ठेवताच तुकडे व्हायचे. मकामेच्या कौलाला चीर जायची, पण तुकडा सुटायचा नाही. वाख आतून धरून ठेवायचा. बाजारच्या दिवशी मकामे कौलावर उभा राहून लोकांना ते दाखवायचा.

कुणी विचारायचं, वाख कुजणार नाही का रे? मकामे हसायचा. गलबतांचे वाखाचे दोर वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात असतात, ते कुजतात का? जो समुद्राला पुरून उरतो तो सिमेंटला भिणार होय? सगळ्यांना पटायचं. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, दोराच्या पलीकडे आमची अक्कल जात नाही.

आमच्याकडे रीत आहे. छत घालणाऱ्याने पहिला घास त्याच छताखाली खायचा. छत पडलं तर आधी माझ्या डोक्यावर पडो, असा त्याचा अर्थ. मकामेने अकरा घरांवर कौलं चढवली आणि अकरा घरांत मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकट पोटभर खाल्ली. हेमेदीलाही दरवेळी पान वाढलेलं असायचं. पण आज त्याचं पोट बिघडलेलं, उद्या शहरात काम, परवा रोजा. रमजानला चार महिने असताना रोजा! आणि मी मूर्ख, विहिरीवर सांगत सुटायची, आमचे हे किती देवभोळे. आमच्या घरावर मात्र पत्राच राहिला. म्हणायचा, आधी लोकांची घरं, मग आपलं. त्याचीही मी फुशारकी मारली.

चौथ्या वर्षी त्या अकरातल्याच एका घरात, सिकुधानी आजीच्या चुलीवरचं कौल खाली आलं. आजी उगाली घोटत होती. खांद्याचं हाड मोडलं.

मकामेने शिडी लावून त्याच्या लगतचं कौल काढलं, अंगणात ठेवलं आणि नेहमीसारखा त्यावर उभा राहिला. खापरीसारखे चार तुकडे. त्याने कडेतून वाख ओढला, बोटांत चुरडला. त्याचा भुगा झाला. मग तडक आमच्याकडे आला. मी पाणी आणलं, ते त्याने घेतलं नाही.

हेमेदीने आढेवेढे घेतले नाहीत, एवढं खरं. म्हणाला, "पहिल्याच वर्षी शहरातून पत्र आलं होतं. सिमेंट आतल्या आत वाख खातं म्हणून. थांबा, असं लिहिलं होतं."

"मग थांबवलं का नाहीस, दाजी?"

"शेड बंद झाली असती. तू काय खाल्लं असतंस? मी काय खाल्लं असतं?"

मकामेने वर आमच्या पत्र्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ताई, तुला माहीत होतं?"

"नाही रे."

"चार वर्षं ह्या पत्र्याखाली निजलीस. एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

मला नवऱ्याचा अभिमान होता, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? तो निघून गेला. माझ्या आयुष्यात मला इतकं कुणी नागवलं नाही. नवऱ्याने दोघांना फसवलं आणि भावाच्या हिशोबी मी फसवणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसले.

पुढचा महिनाभर मकामे दारोदार फिरला. प्रत्येक दारात एकच बोलायचा, माझा घास खोटा ठरला, कौलं उतरवतो. लोकांनी शिव्या घातल्या, त्या त्याने ऐकून घेतल्या. झावळ्या आणून स्वतः शाकारून दिलं. आजीच्या घरावर मात्र झावळ्या टिकेनात, वासेच वाकले होते. हेमेदी त्या महिन्यात एकदाही शिडी धरायला गेला नाही.

तो शहरात गेला त्या सकाळी मी शिडी लावली. आमच्या घरावरचे चोवीस पत्रे उतरवले, हातगाडीवर घातले आणि आजीकडे नेले. शेजारणी विचारत होत्या, झुहुरा, नवरा काय म्हणेल गं? म्हटलं, येईल तेव्हा आभाळाला विचारेल. नवे वासे सुताराने बसवले, पत्रे मी ठोकले. दोन बोटं ठेचली. हुंदका आला तो त्या बोटांच्या नावावर खपवला.

मग त्याच छताखाली उगाली रांधली, सुकट केली आणि मकामेला निरोप धाडला. वाटलं, आता तरी तो समजेल.

तो आला. वर बघितलं, हाताने पत्रा दाबून पाहिला. एक खिळा हलवून पाहिला. मी ताट त्याच्यापुढे ठेवलं. ज्या पोराला मी लहानपणी माझ्या हाताने भरवलं, त्याने ते ताट माझ्याकडे सरकवलं.

"छत तू घातलंस, ताई. आधी तू खा."

मी बसले आणि खाल्लं. शेवटपर्यंत खाल्लं. तो समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता.