हुस्नाचं फूल

गालिचा समोरून कुणीही वाखाणतं. उदगीरचा जिलानी रफूगर मात्र आलेला गालिचा आधी पालथा घालायचा. म्हणायचा, खरं काय ते पाठच सांगते.

किल्लारीच्या भूकंपात त्याची एकुलती लेक हुस्ना सासरच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर हा माणूस एक दिवस कामाला चुकला नाही आणि एकदाही रडला नाही. बायको जन्नतबी म्हणायची, "ह्यांचं काळीज दगडाचं हाय." दगड निदान उन्हात तापतो तरी, हा तेवढाही नाही.

दहा वर्षांनी लातूरचे आदिनाथ सर एक जुना इराणी गालिचा घेऊन आले. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. सरांच्या क्लासात पोरं मांडीला मांडी लावून बसायची, पण केबिनला शंभर वर्षांचा गालिचा हवा होता. होताही देखणा: डाळिंबी जमीन, काठानं निळी वेल, गाठी इतक्या बारीक की नख शिरू नये.

"सगळं झकास हाय, चाचा," सर म्हणाले. "ह्या कोपऱ्यातलं फूल तेवढं कुणी अडाण्यानं भरलंय. हात फिरवला की लव उलटी उभी राहती. काढा अन् नीट करा."

"हाव," जिलानी म्हणाला. गालिचा ओळखीचा वाटला, पण त्यानं ओळखी ठेवणंच सोडलं होतं.

त्यानं गालिचा पालथा घातला आणि आकडीनं गाठी उसवायला घेतल्या. अर्धं फूल निघालं तेव्हा कुठं बोटांना कळलं, की गाठी उलट्या बाजूनं सुटताहेत. तशा गाठी मारणारा एकच हात त्यानं पाहिला होता, डावखुऱ्या हुस्नाचा. तिच्या लग्नाआधी हाच गालिचा जळकोटच्या एका घरातून रफूला आला होता. "उजव्या हातानं कर, बेटी," तो खेकसला होता. ती हसली होती, "अब्बा, फूल तो फूल है."

उसवलेली लोकर मांडीवर पडली होती. ती पुन्हा बांधता येत नाही. त्यानं त्याच रंगात नवी लोकर रंगवली आणि सुई डाव्या हातात धरली. दोन दिवसांचं काम अठरा दिवस चाललं.

गालिचा न्यायला आलेल्या सरांनी फुलावरून हात फिरवला. "चाचा, हे तर पुन्हा उलटंच हाय!"

"हाव. तसंच राहील. हुस्नाचं हाय ते."

दहा वर्षांत त्या घरात हे नाव पहिल्यांदा निघालं. आत भाकरी थापणारी जन्नतबी थांबली. जिलानी फुलावर तळहात ठेवून बसून राहिला. डोळ्यांतून पाणी गळतंय, हे त्याला सरांनी सांगितलं.