फक्त मॅडम

माणसांबद्दल लिहावं ते लेखकांनी. मी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, दहावीच्या पुढं गेलेला आमच्या घरातला पहिलाच, आणि आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पुरवण्यांवर. त्यामुळे आधीच माफी मागतो. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांची परवानगीही घेतलेली नाही. घेतली असती तर त्या म्हणाल्या असत्या, "लिही, पण पुराव्यानं लिही." म्हणून डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितो आणि ऐकलेलं आहे ते ऐकलं म्हणून.

धाराशिवच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्याच तासाला मॅडमनी एकेकाला उभं करून ओळख विचारली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी येरमाळ्याचा. वडलांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. आई फक्त घरी असते."

"फक्त काढ," त्या म्हणाल्या.

मला कळेना काय काढायचं. वर्ग हसला.

"चेकवर रकमेच्या पुढं 'फक्त' का लिहितात?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. "पुढं कुणी काही वाढवू नये म्हणून. रकमेला ते ठीक आहे. माणसापुढं लिहिलं की माणूस तिथंच संपतो. काढ ते, आणि आई काय करते ते सांग."

"शेळ्या आहेत. शिलाई करते. हंगामात खुरपायला जाते."

"हे आधी का न्हाय सांगितलं?"

त्या दिवसापासून त्यांचं नाव 'फक्त मॅडम' पडलं. एकदा कुणीतरी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. मॅडम आत आल्या, वाचलं, खाली खडूनं 'शुद्धलेखन बरोबर' असा शेरा मारला आणि शिकवायला लागल्या.

त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास शिकवायचे तेवढ्याचे पैसे, आणि दर जूनला नव्यानं नेमणूक. वित्त विषयात त्यांची पीएच.डी. चालू होती, त्यामुळे ऑफिसमधले हेडक्लार्क त्यांना आधीपासूनच 'डॉक्टर' म्हणत. आदरानं नव्हे.

"काय डॉक्टर, झाली का पीएच.डी.? का नातवंडं झाल्यावर करणार?"

"तुमच्या रिटायरमेंटच्या आधी करते की. हार घेऊन या."

मॅडम मुरुमच्या, बौद्ध कुटुंबातल्या. वडील तिथल्या अडत बाजारात हमाल होते. नेट त्या तिसऱ्या प्रयत्नात पास झाल्या, मग प्रवेश परीक्षा, मग विषयाला मान्यता देणाऱ्या समितीपुढं मुलाखत. त्या मुलाखतीतला एक प्रसंग त्यांनी आम्हाला वर्गात सांगितला होता, तोही रडगाणं म्हणून नव्हे, तर मुलाखतीत कसं बसावं हे शिकवताना. समितीतले एक सर म्हणाले, "वित्त का घेतलंत? तुमच्याकडची मुलं समाजशास्त्र वगैरे घेतात." मॅडमनी विचारलं, "आमच्याकडची म्हणजे कुणाकडची, सर?" विषय मंजूर झाला.

त्यांचा विषय होता ग्रामीण महिलांची बचत आणि गुंतवणूक. मी दुसऱ्या वर्षाला असताना त्या माहिती गोळा करत गावोगाव फिरत होत्या. एका रविवारी आमच्या घरी आल्या. आईनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. प्रश्नावली मूळ इंग्रजीतली होती, तिचं मराठी केलेलं. सगळं नीट चाललं होतं, तोवर तो प्रश्न आला.

"मावशी, किती जोखीम घेऊ शकता तुम्ही? कमी, मध्यम, का जास्त?"

आईनं गळ्याला हात लावला. "कमीच म्हना. लग्नात बरी हुती. आता ह्ये मणी तेवढं ऱ्हायल्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडं जोखीम म्हणजे अंगावरचं सोनं. येडाई देवीच्या जत्रेला निघालं की म्हातारी माणसं म्हणतातच, "जोखीम घालून जाऊ नगा, गर्दी लई आसती." मी मध्येच बोललो, "आई, जोखीम म्हंजे सोनं न्हाय गं! रिस्क!"

"तू गप," मॅडम म्हणाल्या. "मावशी, बाकीची कुठं गेली?"

"कानातलं ह्याच्या फीला मोडलं. पाटली धाकटीच्या नर्सिंगला. ह्येच्या बापाला अजून म्हाईत न्हाय. म्हनलं, पोरगं पास झालं तर सांगू, न्हायतर पडलं कुठं तरी म्हनू."

मॅडम हसल्या. "म्हणजे जोखीम घेतलीच की तुम्ही."

"घेतली कुठं?" आई म्हणाली. "दिली."

मॅडमचा पेन थांबला. "परत म्हणा मावशी." आईनं परत म्हटलं आणि माझ्याकडं बघितलं, काही चुकलं का म्हणून. मॅडमनी ते वाक्य फॉर्मच्या समासात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

संध्याकाळची बस त्यांनी सोडली. आमच्याच गल्लीत आधी ज्या घरांत फॉर्म भरले होते तिथं परत गेल्या आणि प्रत्येकीला विचारलं, जोखीम म्हणजे तुम्ही काय समजलात? जवळजवळ सगळ्या सोन्याबद्दल बोलल्या होत्या. 'कमी' वर खूण केलेली बाई भित्री नव्हती. तिनं होतं ते आधीच कुठं तरी लावलेलं होतं, मुलाच्या फीत, नवऱ्याच्या गाड्यात, पत्र्याच्या खोलीत. आणि ज्यांची 'जास्त' वर खूण होती त्यांनी अजून काहीच मोडलेलं नव्हतं. सगळा हिशोबच उलटा होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही, खुद्द मॅडमकडून ऐकलेलं आहे. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी ते फॉर्म चाळले आणि म्हणाले, "या प्रश्नाची उत्तरं बाद करा. बायकांना प्रश्न कळलेला नाही."

"सर, बाद करायचाच तर प्रश्न करा. उत्तरं बरोबर आहेत."

"मॅडम, ही वित्ताची पीएच.डी. आहे. शब्दांच्या गमतीजमती करायच्या तर मराठी विभाग समोर आहे."

त्याच सुमारास पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात त्यांची निवड झाली होती. कायमची जागा, पूर्ण पगार, पण जूनपर्यंत पदवी हातात हवी अशी अट. सरांचं म्हणणं सरळ होतं. ती उत्तरं काढा, प्रकरण लहान होईल, मी महिन्याभरात प्रबंधावर सही करतो. नाही काढलीत तर सहामाही अहवालावरही सही नाही.

मॅडमनी हे आम्हा तिघाचौघांना कॉलेजच्या कट्ट्यावर सांगितलं. मला वाटलं, आपल्या घरातल्या एका शब्दापायी या बाईंची नोकरी चालली. मी धीर करून म्हणालो, "मॅडम, आईचं उत्तर काढून टाका. तिला काय कळतंय त्यातलं?"

त्या माझ्यावर चिडल्या अशी ती एकच वेळ.

"तुझ्या आईला जोखीम कळत न्हाय? नवऱ्याला न सांगता कानातलं मोडलं तिनं. आणि तू नापास होशील ही शक्यता धरून काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं. याला काय म्हणतात, सांग. पुस्तकात आहे, मीच शिकवलंय तुम्हाला."

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "पर्यायी नियोजन."

"मोठ्यानं बोल," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी उत्तरं काढली नाहीत. मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून अर्ज दिला. असा अर्ज देणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. ज्यांच्या सहीवर सगळं अडलेलं, त्यांच्याचकडून ना-हरकत आणायची. त्या दर शनिवारी विद्यापीठात जात, दाराबाहेर बाकावर बसत आणि परत येत. एका शनिवारी सरांनी कंटाळून ती दिली. जून आला तसा गेला. पुण्याच्या जागेवर दुसरं कुणीतरी रुजू झालं.

हेडक्लार्कांनी विचारलंच, "काय डॉक्टर, पुणं हुकलं म्हणं?"

"पुणं कुठं जातंय? आहे तिथंच आहे."

पण पुढच्या वर्षी, माझं बी.कॉम. संपलं तेव्हा, आमच्या कॉलेजनंही त्यांना नेमणूक दिली नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि तासिकावाल्यांना ते सांगावंही लागत नाही. शेवटच्या दिवशी मी त्यांची पुस्तकांची पिशवी उचलून बसस्टँडपर्यंत गेलो. मुरुमला परत जाणार होत्या, तिथं शिकवणी घेत प्रबंध पुरा करणार होत्या. गाडीला वेळ होता. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि तोंडातून निघालं, "मॅडम, नशिबापुढं कुणाचं चालत न्हाय."

"एवढी प्रकरणं लिहिली मी," त्या म्हणाल्या, "त्यात कुठंच 'नशीब' हे कारण आलेलं न्हाय. तू माझं काय होतंय ते बघत बसू नकोस. एम.कॉम.चा फॉर्म भर. तारीख गेली म्हणून सांगत आलास तर दारात उभं करणार न्हाय."

गाडी आली. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, दोन बोटं दाखवली. फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

मग बराच काळ काही कळलं नाही. प्रबंध सादर झाला असं एकाकडून ऐकलं. बाहेरच्या एका परीक्षकानं सुधारणेसाठी परत पाठवला असंही ऐकलं, आणि त्या प्रकरणावरच आक्षेप होता म्हणे. मी फोन करायला दोनतीनदा नंबर काढला आणि ठेवला. विचारायचं काय? काढली का शेवटी ती उत्तरं, असं? काढली असती तरी मी त्यांना दोष दिला नसता. पण मला ते ऐकायचं नव्हतं.

गेल्या मंगळवारी दुपारी मेसमध्ये जेवत होतो तेव्हा आईचा फोन आला. आई त्या वेळेला कधी फोन करत नाही. मी ताटावरून उठलो.

"आरं, तुझ्या मॅडमचा फोन आलता."

"तुला?"

"मला. का, मला येऊ नई का?"

"तसं न्हाय गं. काय म्हनल्या?"

"झाल्या म्हनं डॉक्टर. लई मोठ्या सायबांनी सगळ्यांम्होरं दोन तास इचारलं. आपल्या गल्लीतल्या बायांचं समदं बोलनं तसंच ठिवलंय म्हनाल्या, एक अक्शर काढलं न्हाय. सायब त्येच्यावरच इचारत हुते, आन् ह्या बोलत हुत्या."

मी उष्ट्या हातानंच मेसच्या बाहेर आलो. आईच बोलत राहिली.

"आन् आयिक. त्येचं आता पुस्तक करायचं म्हनत्यात. आता तिथं माझ्या नावाच्या जागी नुसता नंबर हाय म्हनं. नाव टाकू का, म्हनून इचारायला फोन केलता."

"मग तू काय म्हनलीस?"

"टाका म्हनलं. पुरं टाका."