तेलासाठीच आलेत ना?

तीस वर्षं लोकांचे केस कापताना त्याने एक नियम पाळला होता: समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणेल त्याला हो म्हणायचं. महासत्तेनं दूरच्या एका देशात फौजा उतरवल्या, तेव्हा तेलासाठी म्हणणाऱ्यालाही तो हो म्हणाला आणि तिथलं सरकार पाडायला म्हणणाऱ्यालाही. त्या देशाच्या राजधानीत त्याची मुलगी नर्स होती आणि पाच दिवस तिचा फोन लागत नव्हता, हे मात्र तो कुणाला बोलला नाही.

आज दाढीला मास्तर बसले होते. "तेल हे नुसतं निमित्त आहे रे," ते म्हणाले. "त्यांना सरकार पाडायचंय. थेट राजधानीवर जाणार बघ."

त्याचा वस्तरा थांबला. "नाही मास्तर, तेलासाठीच आलेत. तेलविहिरी दक्षिणेला आहेत, राजधानीपासून सातशे किलोमीटर. मी नकाशा पाहिलाय."

"अरे वा, आज तुला कंठ फुटला की," बाकावरचे पोस्टमनकाका हसले. "वाद घाल, पण मास्तरांचं नाक शाबूत ठेव."

"माझी पोरगी राजधानीतल्या दवाखान्यात आहे, काका."

काकांनी मास्तरांकडे पाहिलं. मग मास्तर म्हणाले, "तेलासाठीच रे. राजधानीत त्यांचं काय काम?"

"तेलच. दुसरं काय?" काकांनी मान डोलावली.

इतक्या झटपट आणि इतक्या गोड आवाजात दिलेल्या होकाराची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? त्याने मास्तरांच्या हनुवटीला पुन्हा साबण लावला.

"मघाशी म्हणत होतात तेच सांगा, मास्तर. राजधानीत किती दिवसांत पोचतील?"