चिठ्ठीवरचं अक्षर

चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की सुचित्रा तांबे मागच्या रांगेत सरकायची. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढली. बापाने, जयवंतने, जयंतीच्या भाषणाला मैदानात माइक धरला की चाळीच्या खिडक्या भरायच्या. "वाघाच्या पोटी ससा कसा आला गं?" असं तो बायकोला विचारायचा. तोच ससा आता परळच्या एका शाळेत सहावीला नागरिकशास्त्र शिकवत होता. व्याख्या फळ्यावर, तिथून वहीत. प्रश्न कुणाला नसायचे, ते बरंच होतं.

जूनमध्ये शिक्षणसेवकाची तीन वर्षं भरत होती. कायम करायच्या कागदावर मोठ्या बाईंची सही लागायची. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका राधा सामंत. त्यांच्या चपलेचा आवाज जिन्यात आला, की सुचित्रा आधी पदर सारखा करायची.

अशात दादरला तीन शनिवारांचं प्रशिक्षण लागलं, लोकशाही कशी शिकवायची त्याचं. पहिल्याच शनिवारी तिथे शिकवणारे राहुल सर म्हणाले, "वर्गात पेटी ठेवा. मुलांनी नाव न घालता अडचण लिहायची. शेवटच्या शनिवारी चिठ्ठ्या इथे वाचू."

शेवटच्या शनिवारी दुसऱ्या शाळेतली मनाली शेजारी येऊन बसली आणि पर्स उघडून हसली. "वीस चिठ्ठ्या. आठ मी डाव्या हाताने लिहिल्या, बाकी नवऱ्याने. 'वाचनालयात गोष्टीची पुस्तकं हवीत.' मस्त ना?"

"मी खरंच पेटी ठेवली गं."

"वेडी का काय तू! सगळे घरीच लिहितात, सरांनापण माहितीये. आणि आज मुख्याध्यापकांना बोलावलंय. बघ, दुसऱ्या रांगेत तुझी सामंत."

सुचित्राने बघितलं आणि मांडीवरचं पाकीट पदराखाली घेतलं. त्यात पेटीत आलेली एकच चिठ्ठी होती: 'मुलींच्या संडासाला कडी नाही. एकीने दार धरायचं, मग दुसरीने जायचं. सांगितलं तर मोठ्या बाई ओरडतात.' 'संडास'मधल्या 'ड'ला मोठी शेपटी. अशी शेपटी अख्ख्या वर्गात फक्त मानसी काढायची. आणि पेटी ठेवताना सुचित्राच म्हणाली होती, "आलेली चिठ्ठी वाचणार. कुणाची ते कुणालाच कळणार नाही."

"माझ्यातल्या घे चार," मनाली कुजबुजली.

"तांबे बाई, या," राहुल सरांनी हाक मारली.

मनालीच्या चिठ्ठ्या तिने घेतल्या खऱ्या. समोर गेली, तेव्हा एका मुठीत त्या होत्या, दुसरीत पाकीट. कुठली मूठ उघडायची? तिला संडासाचं दार धरून उभी असलेली मानसी आठवली.

तिने पाकीट उघडलं आणि वाचलं. आवाज इतका बारीक की सर म्हणाले, "जरा मोठ्यानं." तिने दुसऱ्यांदा वाचलं. 'मोठ्या बाई ओरडतात'सकट.

सभागृहातल्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या.

सामंत बाई उठून पुढे आल्या. हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "बघू गं चिठ्ठी. अक्षर ओळखते मी पोरींचं."

हात पुढे आला. सुचित्राने चिठ्ठी चुरगाळून मुठीत घेतली.

"पोरींचं नाही, मॅडम. माझंच आहे."

"काय?"

"सगळेच घरी लिहितात. मीपण लिहिली."

मागे मनाली खोकली. राहुल सरांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे मी ओरडते, हे तुझं म्हणणं?"

नाही म्हणावं, असं तिला फार वाटलं. जून डोळ्यांपुढे आला. बापाचा आवाज तिच्याकडे कधी नव्हताच. जो होता तो फाटला.

"हो मॅडम. आणि कडी नाहीये, तेपण खरंय."

सामंत बाई तिच्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिल्या. "सोमवारी शाळा सुटल्यावर केबिनमध्ये ये," म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

सुचित्रा थेट तिथल्या संडासात गेली. कडी लावली. मग चिठ्ठीचे बारीक बारीक तुकडे केले, शेपटीवाला 'ड' आधी, आणि दोनदा पाणी ओतलं. सोमवारपर्यंत तिला झोप लागणार नव्हती.